चकलीच्या सोऱ्यातला धातू

चेन्नईच्या एग्मोर स्टेशनाजवळ पुदुपेट्टै नावाची वस्ती आहे. कुर्ल्याच्या भंगारगल्ल्या पाहिलेल्या मुंबईकराला ती परकी वाटणार नाही. जुन्या गाड्या इथे येतात आणि सुट्या होतात. दरवाजे एका दुकानात, गिअरबॉक्स दुसऱ्यात. अशा ढिगातला एखादा तुकडा उचलताना हात फसतो. दिसायला ॲल्युमिनियम, वजन मात्र त्याच्या दोन तृतीयांश. तो मॅग्नेशियमचा. खात्री हवी असेल तर कानशीने रंग खरवडावा आणि उघड्या धातूवर व्हिनेगरचा थेंब टाकावा. मॅग्नेशियम लगेच फसफसते, ॲल्युमिनियम गप्प राहते.

स्टिअरिंगच्या आतला सांगाडा, कॅमेऱ्याचे अंग, लॅपटॉपचे कवच अशा ठिकाणी हा धातू वापरतात. मद्रास आयआयटीच्या संशोधकांनीही अमेरिकी सहकाऱ्यांबरोबर वाहनांसाठी मजबूत मॅग्नेशियम मिश्रधातू घडवला आहे. पण लेथवर किंवा मिलिंग मशिनवर असा भाग कापला, की खाली कीस पडतो. प्रश्न आहे तो या किसाचा.

भंगाराच्या नशिबी नेहमी भट्टी असते. शुद्ध मॅग्नेशियम ६५० अंश सेल्सिअसला वितळते, पण त्याआधीच कीस पेट घेऊ शकतो, आणि त्यावर पाणी ओतले तर आग भडकते. १९५५ साली ल माँच्या शर्यतीत मर्सिडीज गाडीच्या मॅग्नेशियमच्या अंगाने पेट घेतला, तेव्हा पाण्याच्या माऱ्याने ज्वाळा उलट वाढल्या होत्या. म्हणून वितळलेल्या रसावर क्षारांचा थर किंवा वायूचे पांघरूण घालतात. त्यासाठी वर्षानुवर्षे वापरला गेलेला सल्फर हेक्झाफ्लोराइड हा वायू हवामान तापवण्यात कार्बन डायऑक्साइडच्या २० हजार पटींहून जास्त प्रभावी आहे. हलका धातू वापरून पेट्रोल वाचवायचे आणि तोच धातू पुन्हा वितळवताना असला वायू हवेत सोडायचा, हा हिशेब काही जुळत नाही.

मग वितळवायचेच कशाला?

चकलीचा सोऱ्या डोळ्यांसमोर आणा. चेन्नईच्या घरांत त्यातूनच मुरुक्कू पडतो. कीस धुऊन, वाळवून, दाबून त्याची वडी करायची, ती साधारण ४०० अंशांपर्यंत तापवायची आणि पोलादी साच्याच्या तोंडातून प्रचंड दाबाने रेटायची. पलीकडून सलग दांडा बाहेर येतो. रस कुठेही झालेला नसतो. ॲल्युमिनियमच्या भंगारासाठी मॅक्स स्टर्न याने अशा पद्धतीचे अमेरिकी पेटंट १९४५ सालीच मिळवले होते. मॅग्नेशियमच्या बाबतीत माबुची, कुबोता आणि हिगाशी या जपानी संशोधकांनी १९९५ मध्ये एझेड-९१ या मिश्रधातूच्या किसावर तो प्रयोग केला. नावातला ए म्हणजे ॲल्युमिनियम, सुमारे ९ टक्के. झेड म्हणजे जस्त, सुमारे १ टक्का.

चकलीचे पीठ पाण्याने आणि मोहनाने एकजीव होते. किसाचे तसे नाही. त्याच्या प्रत्येक कणावर ऑक्साइडची साय धरलेली असते आणि ती कणांना एकमेकांना चिकटू देत नाही. साच्याच्या अरुंद तोंडाशी धातू ताणला जातो, घासला जातो, तेव्हा ती साय फाटते. आतला ताजा धातू ताज्या धातूला भिडतो आणि घन अवस्थेतच जोड बसतो. फाटलेल्या सायीचे तुकडे आतच विखुरतात. धातूचे स्फटिककणही बारीक होतात, त्यामुळे असा दांडा पुष्कळदा ओतीव धातूपेक्षा मजबूत निघतो. ताणल्यावर मात्र कधी कधी लवकर तुटतो, कारण जिथे साय नीट फाटली नाही तिथला जोड कच्चा राहतो.

खरी अडचण सोऱ्यात नाही, पिठात आहे. भट्टीत निदान मळ वेगळा काढता येतो, रसाची परीक्षा करून प्रमाण सुधारता येते. इथे जे आत गेले ते आतच राहिले. एझेड-९१च्या चांगल्या प्रतीत लोखंड जास्तीत जास्त ०.००५ टक्के चालते, म्हणजे १०० किलोंत ५ ग्रॅम. शेजारच्या मशिनवरून उडालेला मूठभर पोलादी कीस एवढी मर्यादा सहज ओलांडतो, आणि मग त्या दांड्यातून घडवलेला भाग भराभर गंजतो.

त्यात चेन्नईची हवा दमट, आणि ऑक्टोबर ते डिसेंबर ईशान्य मोसमी पावसाचे दिवस. पाणी मिसळलेल्या कूलंटने भिजलेला मॅग्नेशियमचा कीस हळूहळू हायड्रोजन सोडतो. असा कीस घट्ट झाकणाच्या पिंपात भरून ठेवणे म्हणजे स्फोटाची तयारी. पिंपाला वायू बाहेर पडायला वाट हवी, कीस कोरडा हवा आणि प्रत्येक मिश्रधातूचे पिंप वेगळे हवे. ही शिस्त प्रयोगशाळेत सहज पाळली जाते. अंबत्तूरसारख्या औद्योगिक वसाहतीतल्या छोट्या वर्कशॉपमध्ये पाळी बदलताना कामगार झाडू मारतो, तेव्हा ॲल्युमिनियम आणि मॅग्नेशियमचा कीस एकाच सुपात आला, की सोऱ्याची वाट तिथेच बंद होते. तो माल मग मिसळीच्या भावाने भंगारवाल्याच्या काट्यावर चढतो.