चांदीचा दावा आणि माणसांचा दावा



मी इंजिनिअर माणूस, कायद्याचा अभ्यासक नाही. पण सॉफ्टवेअर लिहिताना एक प्रश्न रोज पडतो : ही नोंद कुणाच्या मालकीची, आणि ती पुसायचा अधिकार कुणाला? आज हाच प्रश्न मी एका बुडालेल्या जहाजाबद्दल विचारणार आहे.

२० नोव्हेंबर १९४२ रोजी 'तिलावा' हे प्रवासी जहाज मुंबईहून आफ्रिकेकडे निघालं. जहाजावर ९५८ माणसं होती आणि बहुतेक प्रवासी भारतीय होते. २३ तारखेला अरबी समुद्रात जपानी पाणबुडीने त्यावर टॉर्पेडो सोडले. २८० जण दगावले. वाचलेल्यांनी दोन दिवस होड्यांत काढले, मग ब्रिटिश युद्धनौका 'बर्मिंगहॅम' तिथं पोचली.

या लोकांनी भरपाई कुणाकडे मागायची?

याआधीचं उदाहरण बघा. १९१५ साली जर्मन पाणबुडीने 'लुसिटानिया' हे जहाज बुडवलं. सुमारे बाराशे माणसं गेली, त्यांत १२८ अमेरिकन होते. युद्धानंतर अमेरिका आणि जर्मनीने मिळून दाव्यांसाठी आयोग नेमला. १९२३ मध्ये पंच एडविन पार्कर यांनी हिशेबाची पद्धत ठरवून दिली. मृत व्यक्तीने कुटुंबाला किती पैसा दिला असता, तिच्या सेवेचं, देखभालीचं मोल किती, आणि जवळच्या माणसांना झालेला मानसिक त्रास किती. जर्मनीला शिक्षा म्हणून जादा दंड मात्र लावायचा नाही. दुःखाचं मोजमाप कुणालाच नेमकं जमत नाही. पण अवघड आहे म्हणून आयोगाने ते सोडून दिलं नाही. दावे एकेक करून तपासले गेले. हे घडलं, कारण त्यांच्या सरकारने त्यांचा दावा हातात घेतला.

'तिलावा'च्या बाबतीत काय झालं? ९ जून १९५२ रोजी भारत आणि जपानचा शांतता करार झाला. त्याच्या सहाव्या कलमात भारताने युद्ध-भरपाईचे सगळे दावे सोडले. नुसते देशाचे नाहीत, तर जपानच्या युद्धकाळातल्या कृत्यांबद्दलचे भारतीय नागरिकांचे दावेसुद्धा. हरलेल्या देशावर ओझं लादायचं नाही, हा विचार मला आजही मोठा वाटतो. पण हा मोठेपणा कुणाच्या पदरचा होता? समुद्रात बाप गमावलेल्या मुलाला कुणी विचारलं होतं?

आता पुढचं ऐका. त्याच जहाजावर चांदीच्या २,३६४ विटा होत्या, दक्षिण आफ्रिकेच्या सरकारने नाणी पाडण्यासाठी घेतलेल्या. २०१७ मध्ये एका कंपनीने त्या समुद्रतळातून काढल्या आणि मोबदला मागितला. वाद थेट ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयात गेला, निकाल २०२४ मध्ये आला. म्हणजे चांदीची बाजू ऐकायला ८२ वर्षांनंतरही न्यायालय होतं. माणसांचा जपानवरचा दावा दहा वर्षांतच एका कलमाने मिटला होता.

मी जपानविरुद्ध बोलत नाही. मला आपल्या सरकारबद्दल बोलायचं आहे. शांततेसाठी सरकारला कधी कधी दावे सोडावे लागतील, ते मी समजू शकतो. पण नागरिकाचा हक्क सरकारने त्याच्या वतीने सोडला, तर ते देणं सरकारच्या अंगावर येतं. भरपाई मग आपल्याच तिजोरीतून द्यावी. निदान मेलेल्यांची नावं नोंदवावीत, वाचलेल्यांचं म्हणणं टिपून ठेवावं. दंगल असो, धरण असो की युद्ध, 'देशहितासाठी सोडून द्या' असं कुणी आपल्याला सांगेल, तेव्हा एवढंच विचारूया : सोडतंय कोण, आणि गेलंय कुणाचं?