पळीभर तेलाचे ऋण



संशोधन हा शब्द उच्चारला की सामान्य कार्यकर्त्याच्या मनात परकेपणा उभा राहतो. ते काम विद्यापीठाच्या आवारातले, प्रयोगशाळेतले, इंग्रजी ग्रंथांतले. मोर्चा, ग्रामपंचायत, विविध कार्यकारी सोसायटी यांच्याशी त्याचा संबंध काय, असे त्याला वाटते. हा परकेपणा दोन्ही बाजूंनी पोसला गेला आहे आणि त्याची किंमत श्रमिकांनी मोजली आहे. केवळ जळगाव आणि धुळे या दोन जिल्ह्यांपुरते पाहिले तरी ज्योतिर्गणित, स्थापत्य, वैद्यक आणि समाजशास्त्र या चारही क्षेत्रांत एक गोष्ट स्पष्ट दिसते. संशोधनाचा भार या ना त्या मार्गाने जनतेनेच उचलला आहे. वाद आहे तो त्यातून निघालेल्या ज्ञानावर हक्क कोणाचा, याबद्दल.

चाळीसगावच्या दक्षिणेस डोंगराच्या कुशीत पाटण हे ठिकाण आहे. खानदेशी माणूस त्याला पाटणादेवी म्हणून ओळखतो. तेथील शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी उजेडात आणला आणि १८६५ साली त्यावरील निबंध प्रसिद्ध केला. लेख इ. स. १२०७ चा आहे. यादवांचे मांडलिक निकुंभ यांच्या घराण्यातील सोइदेवाने एका मठाला दिलेल्या दानाची त्यात नोंद आहे. मठ कशासाठी? तर सिद्धान्तशिरोमणी आणि भास्कराचार्यांचे इतर ग्रंथ शिकविले जावेत यासाठी. तो स्थापन करणारा चांगदेव हा भास्कराचार्यांचा नातू, सिंघण यादवाचा ज्योतिषी.

लेखाचा शेवटचा भाग जुन्या मराठीत आहे आणि अर्थशास्त्राच्या दृष्टीने तोच सर्वांत बोलका आहे. पाटणच्या बाजारात जो माल विकला जाई त्यावर राजाला मिळणारा कर मठाला लावून दिला. धान्य मापण्याच्या उत्पन्नातील वाटा दिला. तेलाच्या प्रत्येक घाण्यामागे एकेक पळी तेल दिले. म्हणजे ग्रहगणिताची ती शाळा राजाच्या नावाने उभी राहिली, तरी तिचा दिवा तेल्याच्या घाण्यावर जळत होता. आणि ज्याच्या घाण्याचे तेल तेथे जात होते, त्याच्या मुलाला त्या मठात बसून लीलावती शिकता येईल अशी त्या समाजव्यवस्थेत शक्यता नव्हती. संशोधनाच्या अर्थकारणातील मूळ अन्याय त्या एका पळीत दिसतो.

येथे एक सावधगिरी हवी. जनतेच्या पैशाने चालणाऱ्या संशोधनाने उद्याच्या उद्या उपयोग दाखवावा, असा आग्रह काही मंडळी धरतात. तो चुकीचा आहे. भास्कराचार्यांनी ११८३ साली करणकुतूहल हा ग्रंथ रचला. त्यात पंचांगाला लागणारी गणिते सोपी करून दिली आहेत. त्याचा उपयोग उघड होता. पण त्याआधी, ११५० च्या सुमारास बीजगणितात त्यांनी एक वेगळाच प्रश्न सोडविला. कोणत्या पूर्ण संख्येच्या वर्गाला ६१ ने गुणून १ मिळविला असता पुन्हा वर्गसंख्या मिळते? सर्वांत लहान उत्तर २२,६१,५३,९८० हे आहे. हाच प्रश्न फर्माने १६५७ साली युरोपातील गणितज्ञांना आव्हान म्हणून घातला होता. या उत्तराला पाटणच्या बाजारात कवडीही मिळाली नसती. तरीही असे प्रश्न सोडविण्याची मोकळीक समाजाने ठेवलीच पाहिजे, कारण कोणत्या गणिताचा उपयोग केव्हा होईल हे कोणालाही आगाऊ सांगता येत नाही. समाजवादी विचाराची मागणी एवढीच की, ही मोकळीक मूठभरांची मिरास होऊ नये आणि लोकांचे प्रश्न तिच्या आडोशाने बाजूला सारले जाऊ नयेत.

ज्ञान फक्त ग्रंथांतच असते हा समज तर धुळे जिल्ह्याने केव्हाच खोटा ठरविला आहे. पांझरा आणि तिच्या शेजारच्या नद्यांवर शेकडो वर्षे चाललेली फड पद्धती त्याची साक्ष आहे. नदीवर बंधारा घालून पाट काढावयाचा आणि त्याखालच्या जमिनीचे साधारणतः चार फड पाडावयाचे. एका फडात एका हंगामात एकच पीक, आणि पिकांची फेरपालट ठरलेली. शेतकऱ्याची जमीन निरनिराळ्या फडांत विखुरलेली असल्याने पाणी कमी पडले तर एखादा फड पडीक ठेवला जाई आणि तोटा सर्वांत वाटला जाई. पाणी पाटकरी सोडी, शेतकऱ्याने स्वतः दार उघडावयाचे नाही. पाटाची सफाई सर्वांनी मिळून करावयाची. टंचाईचे न्याय्य वाटप कसे करावे, या अर्थशास्त्राच्या अवघड प्रश्नाला अक्षरशत्रू म्हणून हिणविलेल्या शेतकऱ्यांनी दिलेले हे उत्तर आहे.

१८८४ साली मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात दाखल झालेल्या विश्वेश्वरय्यांना तरुणपणीच खानदेशात काम मिळाले. साक्री तालुक्यातील दातर्ती येथे त्यांनी नळाचा वक्रनलिका मार्ग उभारला. पुढे नीरा कालव्यावर त्यांनी ब्लॉक पद्धती आणली. ठरलेल्या क्षेत्राला ठरलेले पाणी आणि पिकांची फेरपालट हे तिचे सूत्र पाहिले तर फडाशी तिचे साम्य लक्षात येण्याजोगे आहे. विश्वेश्वरय्यांचे नाव भारतभर झाले आणि ते योग्यच झाले. पाटकऱ्याचे नाव मात्र कोणत्याही पाठ्यपुस्तकात नाही. नद्यांच्या वरच्या अंगाला धरणे झाली, विहिरी वाढल्या, ज्याचे पंप त्याचे पाणी हा न्याय रूढ झाला आणि अनेक फड मोडले. शेजारच्या जळगाव जिल्ह्यात यावल-रावेरच्या केळीच्या पट्ट्यात भूजल खोल जात राहिले, तेव्हा तापीच्या पाण्याने सातपुड्याच्या पायथ्याचा गाळवाळूचा पट्टा भरून काढण्याची महाकाय योजना पुढे आली. १० मे २०२५ रोजी महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश यांच्यात तिचा करारही झाला. पाणी जमिनीत कसे मुरवावे हे अभियंते सांगतील. मुरलेले पाणी कोण किती उपसणार, या प्रश्नाचे उत्तर केवळ अभियांत्रिकीत नाही. ते शोधताना फडाकडे पुन्हा पाहावे लागेल.

आता वैद्यकाकडे वळू. शिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे. रक्तातील हिमोग्लोबिनच्या साखळीतला एक दुवा बदललेला असतो; प्राणवायू कमी पडला की तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि असह्य वेदना सुरू होतात. आई आणि वडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक अपत्याला हा आजार होण्याची शक्यता चारांत एक असते. अमेरिकेत १९१० साली तो प्रथम वर्णिला गेला, १९४९ साली त्याचे रेणवीय कारण कळले आणि १९५२ साली निलगिरीत भारतातील पहिली नोंद झाली. महाराष्ट्रातील पाहणीचे निष्कर्ष २००२ साली प्रसिद्ध झाले, तेव्हा भिल्ल आणि पावरा समाजांचा समावेश सर्वाधिक प्रमाण असलेल्या गटांत झाला. हे प्रमाण २० ते ३५ टक्के होते. शिरपूर, साक्री, चोपडा, यावल, रावेर या तालुक्यांतील पाड्यांशी या आकड्यांचा थेट संबंध आहे.

निदान उशिरा, पण सुरू झाले आहे. १ जुलै २०२३ रोजी राष्ट्रीय निर्मूलन मोहीमही जाहीर झाली. परंतु शरीरातील पाणी घटणे, अतिश्रम आणि थंडी यांनी वेदनेचा झटका ओढवतो, हे वैद्यकाला चांगले ठाऊक आहे. आणि याच समाजांतील कुटुंबे ऊसतोडणीसाठी गुजरातेत आणि दक्षिण महाराष्ट्रात जातात, थंडीत पहाटे फडात उतरतात आणि दिवसभर राबतात. मुकादमाची उचल डोक्यावर असलेला मजूर दुखते म्हणून बसून राहू शकतो काय? त्याची गोळी हंगामभर त्याच्याबरोबर जाते काय? हा प्रश्न एका विद्याशाखेत मावत नाही. रक्ततपासणी करणारा डॉक्टर आणि उचलीचा हिशेब मांडणारा अर्थशास्त्री एकत्र बसल्याशिवाय त्याचे उत्तर सापडणार नाही. धुळ्याला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, २०१८ पासून जळगावलाही आहे, आणि विद्यापीठ तर १९९० पासून आहे. तिन्ही संस्था जनतेच्या आहेत. त्यांच्यामधले अंतर कोणी कमी करावयाचे?

बाजार ते करणार नाही. ठिबक सिंचन आणि ऊतिसंवर्धित केळीची रोपे यांवर जळगावच्या खाजगी उद्योगाने मोठे काम केले, कारण नळी आणि रोप विकता येते. उतरलेली भूजलपातळी विकता येत नाही. शिकलसेलवरील जनुकोपचाराला २०२३ अखेरीस अमेरिकेत मान्यता मिळाली तेव्हा त्याची किंमत एका रुग्णामागे २२ लाख डॉलर ठेवण्यात आली. सातपुड्यातील रुग्णाचा त्या बाजारात हिशेबच नाही. याउलट सार्वजनिक संशोधन काय करू शकते याचे उदाहरण जळगावच्याच तेलबिया संशोधन केंद्राने दिले. तेथे निघालेला जेएल-२४ हा लवकर तयार होणारा उपटा भुईमूग देशभर पसरला, आफ्रिकेत मलावीपर्यंत गेला. बियाणे शेतकऱ्याने घरचे राखावे, शेजाऱ्याला द्यावे. कोणाची परवानगी लागली नाही.

आज मात्र वारे उलट दिशेने वाहत आहेत. देशाचा संशोधनावरील खर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या पाऊण टक्क्याच्याही खाली आहे. २०२३ च्या कायद्याने राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठान आले. त्याच्या पाच वर्षांच्या ५०,००० कोटींपैकी सुमारे ३६,००० कोटी सरकारबाहेरून, मुख्यतः उद्योगांकडून यावेत असा हिशेब मांडला गेला. जो पैसा देईल तोच प्रश्न ठरवील, हे सांगावयास अर्थशास्त्राची पदवी लागत नाही. दुसरीकडे २०१० पासून प्राध्यापकांच्या बढतीला गुणांकन लागले आणि पैसे घेऊन लेख छापणाऱ्या नियतकालिकांचे पीक आले. त्याला आवर घालण्यासाठी २०१९ साली मान्य नियतकालिकांची यादी झाली. २०२५ च्या फेब्रुवारीत तीही मोडीत निघाली. लेख मोजले जातात. ते कोणी वाचले, हे मोजले जात नाही.

धुळ्यात देह ठेवलेल्या इतिहासाचार्य राजवाड्यांचे स्मरण येथे अपरिहार्य आहे. पदरी विद्यापीठ नाही, पगार नाही. गावोगाव पायपीट करून दप्तरे गोळा करावयाची आणि निष्कर्ष मराठीतच मांडावयाचे, हे त्यांचे व्रत. मराठ्यांच्या इतिहासाची साधने या मालेचा पहिला खंड १८९८ साली निघाला. ३१ डिसेंबर १९२६ रोजी ते गेले आणि पुढच्याच वर्षी धुळ्यात त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ उभे राहिले. त्यांच्या सामाजिक मतांशी समाजवाद्यांचे जुळणे कठीण. पण ज्यांच्या माळ्यावरून कागद आणले त्यांच्याच भाषेत उत्तर द्यावयाचे, हा त्यांचा धडा नाकारता येणार नाही. २०१८ साली विद्यापीठाला बहिणाबाई चौधरींचे नाव मिळाले. अक्षरओळख नसलेल्या शेतकरी बाईचे नाव विद्यापीठाला देणे ही मोठीच गोष्ट. पण कापूस, केळी आणि पाणी यांवरचे प्रबंध तिच्या लेकीसुनांना वाचता येणार नसतील तर ते नाव कमानीवरच राहील.

म्हणून कार्यकर्त्यांनी काही साध्या मागण्या हाती घ्याव्यात. सार्वजनिक पैशातून झालेल्या प्रत्येक प्रबंधाचा चार पानी मराठी सारांश तालुक्याच्या वाचनालयात ठेवला जावा. ज्या पाड्याचे रक्त तपासले, ज्या गावाची पाहणी केली, तेथे निष्कर्ष सभा घेऊन सांगितले जावेत. शेतमजूर, आदिवासी आणि शेतकरी संघटनांनी दरवर्षी आपले प्रश्न विद्यापीठाला लेखी द्यावेत आणि त्यांतले कोणते घेतले, कोणते का सोडले, याचे उत्तर अधिसभेत मागावे. हे मागताना शुद्ध गणिताचा, आकाशाचा वा प्राचीन लिपींचा अभ्यास करणाऱ्याची टर उडवू नये. त्याच्या अनुदानासाठीही तितक्याच हिरिरीने भांडावे.

पाटणच्या तेल्याला आपल्या पळीचा हिशेब विचारण्याची सोय नव्हती. आज तो काडेपेटीपासून खतापर्यंत प्रत्येक खरेदीवर कर भरतो आणि मतही देतो. हिशेब विचारण्याचा अधिकार त्याला मिळालेला आहे. तो कसा वापरावा हे त्याच्याबरोबर बसून ठरविणे, हे आता कार्यकर्त्यांचे काम.