सहा अर्जांची वेबसाइट

(भागाचं लिखित रूप. बोलताना आलेले काही "म्हणजे" आणि "ॲक्च्युअली" गाळले आहेत. सगळे नाही.)

आज विषय अमेरिकेचा आहे, पण स्किप करू नका, सुरुवात पुण्यातूनच आहे.

मी सॉफ्टवेअरमध्ये आहे हे जुन्या श्रोत्यांना माहीत आहे. आमचा क्लायंट म्हणजे तिकडची एक आरोग्यविमा कंपनी. ज्यांना नोकरीतून विमा मिळत नाही ते लोक तिकडे दरवर्षी स्वतः पॉलिसी निवडतात. त्या हंगामाला ओपन एन्रोलमेंट म्हणतात आणि तो 1 नोव्हेंबरला सुरू होतो. त्यामुळे आमच्या टीममध्ये दिवाळीची रजा हा विनोदाचा विषय. 2024 ला तर लक्ष्मीपूजन आणि ओपन एन्रोलमेंट एकाच दिवशी आलं. आई दारात पणत्या लावतेय आणि मी लॅपटॉपसमोर फाइली तपासतेय.

त्या रात्री दादाचा व्हिडिओ कॉल आला. दादा म्हणजे माझा मामेभाऊ. टेक्सासमध्ये, डॅलसजवळ प्लेनोला असतो. ग्रीन कार्ड आहे, म्हणजे मत देता येत नाही, पण मतं भरपूर. अध्यक्षाची निवडणूक चार दिवसांवर आली होती. मी कशावर काम करतेय ते ऐकून म्हणाला, "अगं, ओबामाकेअर ना ते? पहिल्याच दिवशी वेबसाइट झोपली होती ती? सरकारने काही काढलं की असंच निघतं. सरकारचं कामच नाही ते."

झालं. फराळ राहिला बाजूला, अर्धा तास आमची जुंपली. वहिनी मागून म्हणतेय, "अरे, सणाचं तरी..." कोण ऐकतंय!

आता तुम्हाला सांगते ती गोष्ट, कारण मी ती दादाला नीट सांगू शकले नव्हते.

ओबामांनी आरोग्यविम्याच्या कायद्यावर सही केली 23 मार्च 2010 ला. कायद्यात बरंच काही होतं, पण सामान्य माणसाला दिसणारा भाग होता एक ऑनलाइन बाजार. हेल्थकेअर डॉट गव्ह. एक गोष्ट इथेच सांगून टाकते: या बाजारात विकल्या जाणाऱ्या पॉलिसी खासगी कंपन्यांच्याच. सरकारने दुकान थाटलं, नियम घातले आणि कमाईप्रमाणे सवलत दिली. माल खासगी. ही कल्पनाही आधी मॅसॅच्युसेट्स राज्यात 2006 ला आली, तिथे गव्हर्नर होते मिट रॉम्नी, म्हणजे रिपब्लिकन. हे दादाला सांगितलं तेव्हा तो दोन सेकंद गप्प बसला होता. तेवढंच माझं यश.

दुकान उघडलं 1 ऑक्टोबर 2013 ला. 36 राज्यांसाठी एकच साइट. लाखो लोक आले. दिवस संपेपर्यंत पूर्ण झालेले अर्ज किती? सहा. सहा हजार नाही, सहा.

का, तर पहिला घोळ डिझाइनचा. नुसत्या किमती बघायच्या असल्या तरी आधी खातं उघडा, ओळख पटवा, मग आत. म्हणजे सगळी गर्दी एकाच दारावर. आपल्याकडे दहावीच्या निकालाच्या दिवशी दुपारी एक वाजता रिफ्रेश मारलेल्यांना हे समजावायला नको. आणि दाराच्या आत पोचलेल्यांचंही धड नव्हतं. विमा कंपनीला नोंदणी कळवायची जी फाइल असते, तिला 834 म्हणतात. हीच माझी रोजची भाजीभाकरी. त्या काळातल्या 834 मध्ये एकाच माणसाच्या दोन-दोन नोंदी, तर कुठे बायकोची नोंद मूल म्हणून. आमचे सीनियर अजून त्या फाइलींच्या गोष्टी सांगतात, भुताच्या गोष्टी सांगतात तसे.

मग दादाचं खरं की काय? सरकारला जमत नाही?

थांबा. कोड लिहिला कोणी? पन्नासहून जास्त खासगी कंत्राटदारांनी. मुख्य कंत्राटांत झालेला खर्च भरून देण्याची पद्धत होती, म्हणजे काम लांबलं तर भुर्दंड कंत्राटदाराला नाही, सरकारला. आणि हे सगळे तुकडे जोडायची जबाबदारी घेतली होती मेडिकेअर-मेडिकेड सांभाळणाऱ्या सरकारी खात्याने. या खात्याला विम्याचे नियम तोंडपाठ, पण एवढं मोठं सॉफ्टवेअर जोडून उभं करण्याचा सराव नाही. 24 ऑक्टोबरला संसदेच्या समितीसमोर कंत्राटदारांना बोलावलं, तेव्हा प्रत्येकाचा सूर एकच. आमचा भाग ठीक होता. सगळं एकत्र करून टेस्टिंग झालं ते लाँचच्या आधीच्या दोनेक आठवड्यांत. तुमच्यातले जे आयटीत आहेत त्यांनी हे वाक्य ऑफिसात किती वेळा ऐकलंय? "माझ्या मशिनवर तर चालतंय."

ओबामांचा दोष कुठे? नोव्हेंबरमध्ये पत्रकारांसमोर ते म्हणाले की साइट नीट चालणार नाही हे मला थेट कळवलं गेलं नव्हतं. लोक याला बचाव समजतात. मला तो कबुलीजबाब वाटतो. ज्या कामावर तुमची सगळी कारकीर्द तोलली जाणार, त्याचा डेमो तुम्ही स्वतः बघत नाही? आणि दुसरं, "तुम्हाला तुमची पॉलिसी आवडत असेल तर ती राहील" हे आश्वासन त्यांनी पुन्हा पुन्हा दिलं आणि ते खोटं ठरलं. लाखो लोकांना पॉलिसी रद्द झाल्याची पत्रं आली. याला माझ्याकडे उत्तर नाही, आणि दादासमोरही नव्हतं.

पण मग दुरुस्ती. माझा सगळ्यात आवडता भाग हाच. ऑक्टोबरमध्ये व्हाइट हाउसने जेफ झाइंट्स यांच्याकडे सूत्रं दिली आणि बाहेरून थोडे इंजिनिअर बोलावले. त्यात गूगलमध्ये साइट चालू ठेवायचं काम करणारे मायकी डिकरसन होते. आल्यावर त्यांना कळलं की साइट आत्ता चालू आहे की बंद, हे एका जागी दाखवणारा डॅशबोर्डच नाही. आधी तो बनवला. मेरीलँडमध्ये एका खोलीत रोज सकाळ-संध्याकाळ उभ्याउभ्या मीटिंग. डिकरसन यांचे नियम साधे होते: या खोलीत दोष द्यायचा नाही. ज्याला त्या गोष्टीतलं सगळ्यात जास्त कळतं त्याने बोलायचं, पद बघायचं नाही. आणि पुढच्या एक-दोन दिवसांत जे कोसळेल तेवढ्यावरच बोलायचं. कंत्राटदार बहुतेक तेच राहिले, कोडही तोच. ऑक्टोबरअखेर पान उघडायला 8 सेकंद लागायचे, नोव्हेंबर संपताना 1 सेकंदाच्या आत. त्या महिन्यात चारशेहून जास्त बग मारले. 2014 च्या एप्रिलमध्ये पहिला हंगाम संपला तेव्हा 80 लाख लोकांनी पॉलिसी निवडलेली होती.

राज्यांचंही बघा. केंटकीने स्वतःची साइट केली, पहिल्यापासून बरी चालली. ओरेगॉननेही स्वतःची केली, त्यावर कोट्यवधी डॉलर गेले आणि शेवटी ती सोडून देऊन केंद्राच्या साइटवर यावं लागलं. दोन्हीकडे सरकारच, दोन्हीकडे कंत्राटदारच.

तर हा सगळा मसाला घेऊन मी तयार होते. पुढच्या कॉलला दादाला गप्प करणार. आणि फेब्रुवारीत त्याची नोकरी गेली.

वहिनीला सहावा महिना होता. नोकरीतला विमा महिनाअखेर संपणार. जुनाच विमा चालू ठेवायची सोय असते तिकडे, कोब्रा म्हणतात, पण कंपनी भरायची तो हप्ताही तुम्हीच भरायचा, वर 2 टक्के. आकडा ऐकून मामा इकडे जेवले नाहीत. मग एका रात्री दादाने स्क्रीन शेअर केली. समोर हेल्थकेअर डॉट गव्ह. म्हणाला, "तुझं दुकान उघडलंय. सांग आता काय करू."

टोमणा होता, पण आवाज टोमण्याचा नव्हता.

आता किमती बघायला खातं लागत नाही. पिनकोड, वय, कमाई टाकली की यादी. साइट मख्खनासारखी चालली, मला उगाच अभिमान वाटला. आणि 2014 च्या आधी अशी पॉलिसी मागायला गर्भवती बाई गेली असती तर कंपनी सरळ नाही म्हणू शकली असती, हे दादानेच आठवून सांगितलं. मी नाही.

मग वहिनीने तिच्या डॉक्टरचं नाव टाकलं. पहिल्या पॉलिसीत नाही. दुसऱ्या, तिसऱ्या... खर्च झेपेल अशा एकाही पॉलिसीत तिची डॉक्टर नव्हती. शिवाय नवी पॉलिसी म्हणजे खिशातून भरायच्या रकमेची मर्यादा पुन्हा शून्यापासून. वहिनी काही बोलली नाही, उठून पाणी प्यायला गेली. माझ्या सगळ्या गोष्टीत ही डॉक्टर कुठेच नव्हती. मी सर्व्हर दुरुस्त झाल्याची कथा पाठ केली होती.

थोड्या वेळाने, वातावरण हलकं करायला म्हणून, मी दादाला म्हटलं, नवीन खिडकी उघड. टेस्टरची सवय, दुसरं काय. माझ्या वयाची एकटी मुलगी टाक, मूल नाही, अमेरिकन नागरिक. कमाई दारिद्र्यरेषेच्या किंचित वर टाक. भरघोस सवलत, हप्ता जवळपास नाहीच. आता थोडी कमी कर, रेषेच्या खाली जाऊ दे. सवलत शून्य. पूर्ण हप्ता.

दादा म्हणाला, "बग आहे."

बग नाही तो. कायदा लिहिताना गृहीत धरलं होतं की एवढ्या गरिबांना मेडिकेड, म्हणजे गरिबांसाठीचा सरकारी विमा, मिळेल. 2012 मध्ये सुप्रीम कोर्टाने मेडिकेडची ती वाढ राज्यांच्या मर्जीवर सोडली. टेक्सासने ती केली नाही. म्हणून तिथे ही मुलगी दोन्हींच्या मध्ये पडते. साइट कायद्याप्रमाणे अगदी अचूक उत्तर देतेय. दादा बराच वेळ तो आकडा वर-खाली करत बसला. मग म्हणाला, "म्हणजे सरकारने अर्ध्यावर सोडलं, असं म्हण ना."

मी म्हटलं, कुठलं सरकार, ते सांग आधी. तर आमची पुन्हा जुंपली. (हसते.)

ओबामांच्या कारकिर्दीचा हिशेब मांडायचा तर: 2010 ला साडेचार कोटींहून जास्त लोक विम्याशिवाय होते, 2016 ला तीन कोटींच्या खाली आले. दादा खालच्या तीन कोटींकडे बोट दाखवतो, मी वरच्या फरकाकडे. साइटबद्दल मात्र मी माघार घेणार नाही. काम जाणणारी माणसं सरकारच्या आत, अधिकार देऊन बसवली की फरक पडतो. त्या दुरुस्तीतूनच 2014 मध्ये यूएस डिजिटल सर्व्हिस नावाचा कायमचा विभाग निघाला, डिकरसन त्याचे पहिले प्रमुख. 20 जानेवारी 2025 ला ट्रम्प यांनी पहिल्याच दिवशी आदेश काढून त्याचं नाव बदललं: यूएस डोज सर्व्हिस. दादाची नोकरी गेली त्याच्या काही आठवडे आधी. पुढे तिथल्या बऱ्याच जणांनी एकत्र राजीनामे दिले.

वहिनीने शेवटी बाजारातली पॉलिसी घेतली आणि सातव्या महिन्यात डॉक्टर बदलली. मे महिन्यात मुलगी झाली, दोघी छान आहेत. तिची नोंद मूल म्हणूनच लागली का, ते मी दादाला तीनदा विचारून घेतलं.

तुमचं मत व्हॉइस नोटने पाठवा. दादाच्या बाजूने असलं तरी चालेल, तो ऐकतो हा पॉडकास्ट. भेटू पुढच्या भागात.