घंटा वाजली, दार कोण उघडणार?

(कार्यकर्ते व त्यांच्या कुटुंबीयांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा संपादित अंश)



आज मी एका लहानशा यंत्राविषयी बोलणार आहे. मनगटावर घड्याळासारखे बांधायचे किंवा गळ्यात पदकासारखे घालायचे हे यंत्र आहे. ते वापरणारी व्यक्ती पडली, कोसळली, की ते आपण होऊन कोणाला तरी हाक मारते. विषय यंत्राचा असला तरी त्या निमित्ताने आपल्या घराचा, शेजाराचा आणि आपल्या कार्याचा विचार करावयाचा आहे, म्हणून आपल्यासमोर तो मांडण्याचे धाडस करतो.

पडण्याला आपण फार किरकोळ समजतो. ‘पाय घसरला’, ‘जरा चक्कर आली’ एवढ्यावर विषय संपवतो. परंतु जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार माणसे पडल्यामुळे मृत्युमुखी पडतात. अपघाती मृत्यूंच्या कारणांत रस्त्यावरील अपघातांच्या खालोखाल पडण्याचा क्रमांक लागतो. यातील ८० टक्क्यांहून अधिक मृत्यू आपल्यासारख्या अल्प व मध्यम उत्पन्नाच्या देशांत होतात, आणि सर्वाधिक बळी साठी ओलांडलेल्यांचे असतात.

पडण्यापेक्षा पडून राहणे घातक

पडल्याने हाड मोडते हे आपल्याला ठाऊक आहे. पडून राहिल्याने काय होते, याची कल्पना मात्र फारशी नसते. थंड फरशीवर तासन्‌तास एकाच कुशीवर राहिलेल्या वृद्ध देहातील स्नायू स्वतःच्याच भाराखाली चेंगरतात. त्यांतून सुटलेली द्रव्ये मूत्रपिंडांवर आघात करतात. पाण्याचा घोट मिळत नाही, कातडीला जखमा होतात, शरीराची ऊब जाते. हाड एकही मोडलेले नसताना माणूस दगावू शकतो तो असा.

अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्को शहरात घरात असाहाय्य किंवा मृतावस्थेत सापडलेल्या व्यक्तींचा अभ्यास झाला होता. तो १९९६ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. अवघ्या १२ आठवड्यांत अशी ३६७ माणसे आढळली. जी तासाभराच्या आत सापडली त्यांच्यात मृत्यूचे प्रमाण १२ टक्के होते. जी ७२ तासांहून अधिक काळ पडून राहिली असावीत, त्यांच्यात ते ६७ टक्के होते. या दोन आकड्यांमधील अंतर म्हणजे केवळ वेळ. कोणी तरी वेळेवर आले की नाही, एवढाच प्रश्न.

यंत्र काय करते, काय करीत नाही

ही वेळ वाचविण्यासाठीच या यंत्रांचा जन्म झाला. १९७४ साली अमेरिकेत बोस्टन विद्यापीठातील मानसशास्त्राचे प्राध्यापक अँड्र्यू डिबनर यांनी ‘लाइफलाइन’ ही सेवा सुरू केली. गळ्यातील कळ दाबली की टेलिफोनद्वारे रुग्णालयातील केंद्राला संदेश जाई. परंतु त्या योजनेचा खरा प्राण निराळा होता. प्रत्येक वृद्धाने आपले शेजारी, आप्त किंवा मित्र यांची नावे आधीच देऊन ठेवायची. हाक आली की केंद्र त्यांपैकी एकाला घरी धाडणार. म्हणजे यंत्राच्या दुसऱ्या टोकाला माणूसच होता.

पुढे कळ दाबण्याचीही गरज उरली नाही. सिलिकॉनच्या चिमुकल्या चकतीत कोरलेले, स्प्रिंगवर तोललेले एक सूक्ष्म वजन या यंत्रात असते. माणूस पडू लागला की क्षणभर त्या वजनाला भार जाणवेनासा होतो, मग जमिनीवर आदळल्याचा जोरदार हिसका बसतो आणि त्यानंतर हालचाल थांबते. भारहीनता, हिसका आणि निश्चलता या तीन खुणा ओळीने आल्या की यंत्र ‘माणूस पडला’ असा निष्कर्ष काढते. सप्टेंबर २०१८ मध्ये अॅपल कंपनीने ही सोय आपल्या मनगटी घड्याळात आणली. जोराने पडल्यानंतर सुमारे मिनिटभर हालचाल झाली नाही, तर घड्याळ आधी मोठ्याने गजर करते, मग आपत्कालीन क्रमांक लावते आणि नातलगांना ठिकाण कळविते. दुसऱ्याच वर्षी नॉर्वेमध्ये मध्यरात्री स्नानगृहात पडून रक्तबंबाळ झालेल्या ६७ वर्षांच्या गृहस्थांपर्यंत अशाच घड्याळाच्या हाकेमुळे मदत पोहोचली, ही वार्ता जगभर गाजली.

विज्ञानाची ही देणगी आहे, आणि तिचे स्वागतच केले पाहिजे. तथापि तिच्या मर्यादा विक्रेता सांगत नाही, त्या आपण समजून घ्याव्यात. भोवळ आलेला माणूस पुष्कळदा भिंतीला टेकत, हळूहळू खाली बसत कोसळतो. तेथे हिसकाच बसत नाही, म्हणून यंत्र गप्प राहू शकते. उलट टेबलावर जोराने हात आपटला तरी ते ओरडू शकते. ज्या घड्याळात स्वतःचे सिमकार्ड नाही ते जवळच्या मोबाईलवर अवलंबून असते. मोबाईल दिवाणखान्यात आणि माणूस दोन भिंतींपलीकडे न्हाणीघरात, तर हाक वाटेतच विरते. अशा घड्याळांपैकी बरीच रोज चार्ज करावी लागतात. मग बहुतेक घरांत ती रात्री टेबलावर चार्जिंगला लावलेली असतात, आणि वयोवृद्ध माणूस लघवीसाठी अंधारात उठतो तो नेमका त्याच वेळी!

संकोचाचा अडसर

याहून मोठी मर्यादा मनाची आहे. इंग्लंडमध्ये केंब्रिज येथे नव्वदी ओलांडलेल्या ११० व्यक्तींचा वर्षभर मागोवा घेण्यात आला. २००८ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्यांतील ६० टक्के व्यक्ती वर्षभरात पडल्या. पडलेल्यांपैकी ८० टक्क्यांना किमान एकदा तरी आपले आपण उठता आले नाही, आणि ३० टक्के एक तास वा त्याहून अधिक काळ जमिनीवर पडून होत्या. लक्षात घ्या, मदत मागण्याची यंत्रे यांतील अनेकांकडे होती! तरीही दीर्घकाळ पडून राहिलेल्यांपैकी बहुतेकांनी ती वापरली नाहीत.

याचे कारण समजण्यासाठी केंब्रिजला जावे लागत नाही. आपल्याच घरातील आजी काय म्हणते? ‘पोरांना उगाच कशाला त्रास?’ आणि आजोबा? ‘गळ्यात हे लोढणे घालायला मी काय एवढा म्हातारा झालो?’ ज्याने आयुष्यभर इतरांचे केले, त्याला हाक मारणे जड जाते. अशा वेळी एकदा चुकून गजर झाला आणि मुलगा वैतागून म्हणाला, ‘बाबा, मीटिंग सोडून धावत आलो ना!’ की संपलेच. ते यंत्र कपाटात जाते ते पुन्हा निघत नाही. म्हणून यंत्र देणाऱ्याने त्यासोबत एक वचन द्यावे: ‘शंभर वेळा चुकीची घंटा वाजली तरी मी शंभर वेळा येईन, आणि हसत येईन.’

आपल्या कुटुंबाचे आजचे चित्र

आपली कुटुंबव्यवस्था ही आपल्या समाजाची शक्ती आहे, असे आपण अभिमानाने सांगतो. पितृऋणाची कल्पना आपल्या संस्कृतीने मांडली. परंतु अभिमान आणि आत्मसंतुष्टता यांत अंतर असते. २०११ च्या जनगणनेनुसार देशात साठीपुढील नागरिक १० कोटींहून अधिक होते. महाराष्ट्राच्या लोकसंख्येत त्यांचे प्रमाण ९.९ टक्के, तर गोव्यात ११.२ टक्के होते. संयुक्त राष्ट्रांच्या लोकसंख्या निधीच्या २०२३ च्या अहवालाचा अंदाज असा, की २०५० पर्यंत दर पाच भारतीयांमागे एक ज्येष्ठ नागरिक असेल. आणि एकट्याने राहणाऱ्या ज्येष्ठांत पुरुषांपेक्षा स्त्रियांचे प्रमाण अधिक आहे.

आई-वडिलांच्या निर्वाहासाठी आपल्याला २००७ साली कायदा करावा लागला, ही वस्तुस्थिती आपल्याला अंतर्मुख करणारी आहे. मात्र कायदा पोटगी देऊ शकतो. पहाटे साडेचार वाजता धावत येऊ शकत नाही.

कल्पना करा. पुण्यातील एका सोसायटीत चौथ्या मजल्यावर आई-वडील आहेत. त्यांचा मुलगा कॅलिफोर्नियात. तो कर्तव्यदक्ष आहे, वडिलांना उत्तम घड्याळ त्याने पाठविले आहे. पहाटे साडेचारला वडील न्हाणीघरात पडतात. आईला ऐकू कमी येते. घड्याळ चोख काम करते; आदल्या दिवशीच्या दुपारी कचेरीत बसलेल्या मुलाचा फोन वाजतो. आता त्याने कोणाला फोन करायचा? शेजाऱ्याचा क्रमांक त्याच्याकडे आहे काय? शेजारी आला, तर सुरक्षा दार आतून बंद, मुख्य दाराला आतून साखळी, न्हाणीघराला आतून कडी! हजारो मैल दूर काही क्षणांत पोहोचलेली हाक शेवटच्या तीन दारांपाशी येऊन थांबते. त्या मुलाला दोष देता येणार नाही. दोष असलाच तर भिंतीपलीकडे राहून एकमेकांची नावे ठाऊक नसलेल्या आपणा सर्वांचा आहे.

जपानकडे पाहा. तंत्रज्ञानात अग्रेसर असलेल्या त्या देशात २००१ साली एका कंपनीने पाणी उकळण्याची विजेची किटली बाजारात आणली. वृद्धाने चहासाठी ती वापरली की दूरच्या मुलांना त्याची खबर जाते. त्याच देशात २०२४ या एका वर्षात एकट्याने राहणारी सुमारे ७६ हजार माणसे घरी मृतावस्थेत आढळली. यंत्रे असूनही ही वेळ आली. यंत्र खबर देते. खबर घेणारा समाजच असावा लागतो.

कार्यकर्त्यांसाठी काम

आता आपल्याविषयी. शाखेच्या गटरचनेत गटनायकाला आपल्या गटातील प्रत्येक घर ठाऊक असते. कोणाकडे आजारपण आहे, कोणाचा मुलगा परगावी आहे, हे विचारायला त्याला नोंदवही लागत नाही. कोट्यवधींचे भांडवल ओतून जे जाळे उभे राहत नाही, ते आपल्याकडे संपर्काच्या रूपाने सिद्ध आहे. संघाच्या शताब्दीनिमित्त मांडलेल्या पंच परिवर्तनात कुटुंब प्रबोधन आणि नागरिक कर्तव्य यांचा समावेश आहे. या दोहोंना जोडणारे एक छोटे, सहज जमणारे काम सुचवितो.

प्रत्येक इमारतीत, प्रत्येक आळीत एकट्या-दुकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांची यादी करावी. त्यांची जात, पक्ष, उपासनापद्धती विचारू नये. पडलेल्या माणसाची ओळख एवढीच की तो पडला आहे. प्रत्येकामागे धावून येणारी तीन नावे ठरवावीत. त्यांपैकी दोन घरांत जादा किल्ली असावी. किल्ली देताना भीती वाटणे स्वाभाविक आहे. म्हणून ती सही करून बंद केलेल्या पाकिटात ठेवावी. अनेक शहरांत पोलीस एकट्या ज्येष्ठांची नोंद ठेवतात, तेथे नाव नोंदवावे. न्हाणीघराची आतली कडी काढून बाहेरून उघडता येणारी कडी बसवावी. महिन्यातून एकदा घंटा वाजवून पाहावी, म्हणजे यंत्र चालते काय आणि माणूस येतो काय, या दोन्हींची परीक्षा होते.

वस्तीतील मोलकरीण आजीला हजारो रुपयांचे घड्याळ परवडणार नाही. तिच्या गळ्यात दोऱ्याला बांधलेली शिटी चालेल. आणि घंटेवाचूनही एक हाक असते. सकाळी आठ वाजून गेले तरी दाराला लावलेल्या पिशवीत दूध तसेच असेल, वर्तमानपत्र उंबऱ्यावर पडून असेल, नेहमी उघडणारी खिडकी बंद असेल, तर बेल वाजवायची. जपानी किटली जे सांगते तेच आपली दुधाची पिशवी सांगते; फक्त येता-जाता तिच्याकडे पाहणारे डोळे हवेत.

धावून जाणाऱ्याला दोन गोष्टी ठाऊक हव्यात. पडलेल्याला घाईने ओढून उठवू नये. खुब्यात कळ येत असेल, एक पाय आखूड किंवा बाहेर वळलेला दिसत असेल, तर हलवू नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. डोक्याला मार लागला असेल आणि रक्त पातळ करणारे औषध चालू असेल, तर माणूस हसत-बोलत असला तरी रुग्णालयात न्यावे. आणि पडूच नये यासाठी ओली फरशी पुसणे, आधाराचा दांडा, रात्रीचा मंद दिवा, अंथरुणातून उठताना क्षणभर बसून मग उभे राहणे, रक्तदाबाच्या गोळ्यांविषयी डॉक्टरांशी बोलणे हे उपाय कोणत्याही यंत्राहून स्वस्त आहेत.

बंधुभगिनींनो, घड्याळे जरूर घ्या. परदेशी असलेल्या मुलांनी जरूर पाठवावीत. पण घड्याळ घेण्याच्या दिवशीच शेजारच्या घराची बेल वाजवून सांगा, ‘आमचे वडील एकटे असतात, ही किल्ली तुमच्याकडे असू द्या.’ आणि तुमच्या शेजारी कोणी एकटे राहत असेल, तर त्यांनी येण्याची वाट पाहू नका. आज घरी जाण्यापूर्वी त्यांच्या दारात दोन मिनिटे थांबा, आपला क्रमांक मोठ्या अक्षरांत लिहून द्या. हाक मारायला माणूस संकोचतो. ‘मी आहे’ हे त्याला आधीच कळलेले असले, की त्याचा संकोच गळून पडतो.