पडद्याआडचे नागरिक



‘दिव्यांग’ हा गौरवाचा शब्द गेल्या दशकात सरकारदरबारी रूढ झाला. शब्दाला माझी हरकत नाही. पण दृष्टिहीन माणसाला स्वतःच्या हाताने बँकेत खाते उघडता येत नसेल, तर त्या गौरवाचे मोल किती, हा प्रश्न अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला पडणारच. खाते उघडताना मोबाइलच्या कॅमेऱ्यापुढे पापण्यांची उघडझाप करून दाखवा, असे यंत्र फर्मावते. ॲसिडच्या हल्ल्यात ज्यांचे डोळेच गेले, त्यांनी ती कशी करावी? अशाच तक्रारींवर निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने ३० एप्रिल २०२५ रोजी डिजिटल सेवा वापरता येणे हा संविधानाच्या २१ व्या अनुच्छेदातील जीविताच्या हक्काचाच भाग ठरवला.

त्याआधी, ८ नोव्हेंबर २०२४ रोजी, राजीव रतुरी खटल्यात याच न्यायालयाने खऱ्या दुखण्यावर बोट ठेवले होते. २०१६ चा कायदा सुगम्यता बंधनकारक मानतो. २०१७ च्या नियमावलीने मात्र तिला मार्गदर्शक सूचनांच्या पंक्तीला नेऊन बसवले. नोकरशाहीची ही जुनीच किमया! न्यायालयाने तो नियम कायद्याशी विसंगत ठरवला आणि तीन महिन्यांत सक्तीचे नियम करण्याचा आदेश दिला.

सक्ती कशाला, बाजारपेठ करीलच की, असे म्हणणारे आमच्या विषयात पुष्कळ आहेत. संकेतस्थळ बांधतानाच चित्राला शब्दवर्णन आणि बटणाला नाव दिले, की पडदावाचक आज्ञावली ते मोठ्याने वाचून दाखवते. हा खर्च मुख्यतः एकदाच होतो; पुढे दहा जणांनी वापरले काय किंवा दहा लाखांनी, त्यात फारसा फरक पडत नाही. तरीही मालक तो टाळतो, कारण त्याच्या वहीत हा ग्राहक किरकोळ. २०११ च्या जनगणनेने देशात २ कोटी ६८ लाख अपंग मोजले, तेही आजच्याहून तोकड्या व्याख्येने. गिरण्यांतील धोक्याच्या यंत्रांना कुंपण घालण्यासाठीसुद्धा १८८१ चा कायदा यावा लागला होता.

नफ्याविना काय घडते, तेही पाहा. एनव्हीडीए ही पडदावाचक आज्ञावली ऑस्ट्रेलियातील एका दृष्टिहीन तरुणाने २००६ साली लिहावयास घेतली. ती आजही मोफत मिळते.

आपल्या मराठीत आणखी एक अडथळा आहे. युनिकोडपूर्व फाँटांत जुळवलेला मजकूर डोळ्यांना मराठी दिसतो, यंत्राला मात्र तो रोमन अक्षरांचा गोंधळ वाटतो. पुरोगामी नियतकालिकांचे जुने अंक संगणकावर चढतात तेही बहुधा पानांची छायाचित्रे म्हणून. अपंगांना वाचता येईल अशी प्रत काढण्यातली कॉपीराइटची अडचण २०१२ च्या दुरुस्तीने दूर केली आहे. उरते ते अक्षरजुळणीचे आणि मुद्रिते तपासण्याचे काम; ते आपल्या शाखांतील कार्यकर्त्यांना जमण्याजोगे आहे.