भाकरीचं माप

‘खादाड’ हा आपल्याकडे काही फार वाईट शब्द नाही. लग्नाच्या पंगतीत आग्रहाचे चार लाडू जास्त खाणाऱ्याला आपण कौतुकानंच खादाड म्हणतो. शुभवर्तमानात मात्र हा शब्द शिवीसारखा येतो, आणि तोही खुद्द येशू ख्रिस्ताला उद्देशून. जकातदारांच्या आणि पापी समजल्या जाणाऱ्यांच्या पंगतीला बसतो म्हणून विरोधकांनी त्याला खादाड ठरवलं होतं. अति खाण्याच्या सवयीतून माणूस श्रद्धेच्या आधारानं कसा बाहेर येतो, हा आजचा विषय. तो सुरू करण्याआधी ही गोष्ट मुद्दाम सांगितली, कारण ख्रिस्ती धर्माचा अन्नावर राग आहे असा एक समज असतो. ज्या धर्माची मुख्य उपासनाच एक जेवण आहे, त्याचा अन्नावर राग कसा असेल?

ख्रिस्ती परंपरेत या विषयाचा बारकाईनं विचार केला तो इजिप्तच्या वाळवंटात राहणाऱ्या संन्याशांनी. त्यांच्यातला इव्हाग्रियस हा मोठा विद्वान. इ. स. ३९९ मध्ये तो वारला. माणसाला छळणारे आठ विचार त्यानं सांगितले आणि त्यात पहिला नंबर दिला अधाशीपणाला. आता आपल्याला वाटेल, त्यानं पक्वान्नांची वर्णनं केली असतील, जिभेच्या चोचल्यांवर टीका केली असेल. तसं नाही. तो म्हणतो, हा विचार संन्याशाच्या कानात येऊन भीती घालतो. असाच अर्धपोटी राहिलास तर पोट बिघडेल, यकृत आणि प्लीहा कामातून जाईल, दीर्घ आजारपण येईल, इथे जवळपास वैद्यही नाही, मग तुझं कसं होणार? सोळाशे वर्षांपूर्वीच्या माणसानं अधाशीपणाच्या मुळाशी उद्याची भीती पाहिली, याचं मला फार आश्चर्य वाटतं.

बायबलच्या जुन्या करारात हीच गोष्ट वेगळ्या तऱ्हेनं आली आहे. मिसर देशातून सुटलेले इस्राएल लोक अरण्यात उपाशी होते, तेव्हा देवानं त्यांना मान्ना दिला. माप ठरलेलं होतं, माणशी एक ओमर, म्हणजे आजच्या हिशेबानं साधारण दोन लिटर. रोजचा रोज गोळा करायचा. ज्यांनी दुसऱ्या दिवसासाठी लपवून ठेवला, त्यांच्या मान्न्यात किडे पडले. फक्त शब्बाथाच्या आदल्या दिवशी दुप्पट घ्यायची मुभा होती. येशूनं शिकवलेल्या प्रार्थनेतही भाकरी मागितली आहे ती आजच्यापुरती. ही प्रार्थना आम्ही लहानपणापासून म्हणतो, इतकी की अर्थाकडे लक्ष जात नाही.

माझ्या परिचयाच्या एका बाईंमुळे ते गेलं. त्यांच्या परवानगीनं हे सांगतो. बाई शाळेत मराठी शिकवायच्या, आता निवृत्त आहेत. यजमान गेले, मुलगा नोकरीसाठी परगावी. दिवसभर त्या इतरांसारख्या मोजकंच जेवत. रात्री अकरानंतर मात्र स्वयंपाकघरात जाऊन, दिवासुद्धा न लावता, उभ्याउभ्या खात. चिवडा, शिळ्या पोळ्या आणि साखर, उरलेली भाजी, जे हाताला लागेल ते. भूक नसायची. पोट दुखेपर्यंत हात थांबत नसे. मग सकाळी लाज आणि दिवसभर उपास. नाताळात करंज्यांचे डबे शेजारी पोचवून यायच्या, घरात राहिले तर काय होईल ते त्यांना ठाऊक होतं.

उपाय म्हणून त्या दरवर्षी ईस्टरआधीचा चाळीस दिवसांचा उपवासकाळ फार कडक पाळत. दिवसाला एकच जेवण. पहिले दोन-तीन आठवडे रात्रीचं खाणं थांबायचं आणि मग दुपटीनं परत यायचं. मंडळीतले कुणी म्हणत, प्रार्थना कमी पडते. कुणी म्हणत, मनाचा निर्धार हवा. ही दोन वाक्यं ज्याला ऐकावी लागतात, त्याची रात्र किती मोठी होत असेल याची कल्पना ती बोलणाऱ्यांना नसते.

इथे पुन्हा त्या वाळवंटातल्या लोकांकडे जावं लागेल. इव्हाग्रियसच्याच परंपरेतला कॅसियन यानं इ. स. ४२०च्या सुमारास त्यांची शिकवण लॅटिनमध्ये लिहून ठेवली. अति उपास आणि अति खाणं ही दोन्ही टोकं शेवटी एकाच ठिकाणी मिळतात, असं तो बजावतो. हेरॉन नावाच्या एका वृद्धाची हकीकत त्यानं दिली आहे. पन्नास वर्षं वाळवंटात काढलेला हा माणूस ईस्टरच्या दिवशीसुद्धा इतरांबरोबर जेवायला येत नसे. घासभर भाजी खाल्ली तर आपलं व्रत सैल पडल्यासारखं दिसेल, ही धास्ती. एकटेपणानं त्याचा विवेक इतका गेला की देवदूताचा आदेश समजून त्यानं खोल विहिरीत उडी घेतली आणि तिसऱ्या दिवशी तो मेला. याच्या उलट दुसरा एक वृद्ध. कॅसियन त्याच्याकडे गेला आणि आग्रह झाल्यावर, आता पोटात जागा नाही, म्हणाला. तेव्हा तो वृद्ध म्हणाला, आज मी सहा वेळा पाहुण्यांसाठी ताट मांडलं, प्रत्येकाबरोबर थोडं थोडं खाल्लं, आणि मला अजून भूक आहे! मला हा म्हातारा फार आवडतो.

कॅसियनचं म्हणणं असं की सगळ्यांना एकच माप लावता येत नाही, कारण शरीरं वेगवेगळी असतात. थोडी भूक शिल्लक असताना उठावं, एवढा नियम सगळ्यांना लागू. पुढे सहाव्या शतकात इटलीत संत बेनेडिक्ट यांनी आपल्या मठांसाठी नियमावली लिहिली, तिच्यात तर चक्क भाकरीचं वजन आहे. दिवसाला एक पौंड भाकरी, दोन शिजवलेले पदार्थ, मिळाली तर फळं किंवा ताजी भाजी. दोन पदार्थ का, तर एखाद्याला एक चालत नसेल तर त्यानं दुसरा खावा म्हणून. कष्टाचं काम असेल त्या दिवशी मठाधिपतीनं वाढवून द्यावं. यात कुठे दरडावणं नाही. घरातल्या जाणत्या बाईनं सगळ्यांचा विचार करून स्वयंपाक करावा तसं ते आहे.

आधुनिक काळात हा समतोल पुष्कळदा सुटला. अमेरिकेत १९५७ साली चार्ली शेड या पाळकांचं प्रार्थनेनं वजन घटवण्याविषयीचं पुस्तक निघालं आणि गाजलं. त्यानंतर अशा पुस्तकांचं आणि वर्गांचं तिथे पेवच फुटलं. त्यांनी काहींचं भलं झालंही असेल. पण लठ्ठ शरीर म्हणजे पापाचा पुरावा, हा त्यातला सूर मला साफ अमान्य आहे. जुन्या संन्याशांनी वजनकाट्याचा विचारही केला नव्हता. सडपातळ माणूसही अधाशी असू शकतो. एसावनं थोरलेपणाचा हक्क विकला तो मसुरीच्या साध्या वरणासाठी, हे मध्ययुगातल्या धर्मपंडितांनी उदाहरण म्हणून दिलंच आहे.

त्याच अमेरिकेत १९६० साली लॉस एंजेलिसमध्ये ‘ओव्हरईटर्स अॅनॉनिमस’ ही संस्था सुरू झाली. दारू सोडवणाऱ्या ‘अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस’च्या बारा पायऱ्या तिनं घेतल्या. त्या पायऱ्यांवर ऑक्सफर्ड ग्रुप या ख्रिस्ती चळवळीचा प्रभाव होता. ही संस्था कोणत्याही एका धर्माची नाही, पण कल्पना ओळखीची आहे. आपल्या एकट्याच्या जोरावर हे जमत नाही असं कबूल करायचं, आपल्यापेक्षा मोठ्या शक्तीवर भार टाकायचा आणि आपल्यासारख्याच चार जणांत बसून ते मोठ्यानं बोलायचं.

बाईंच्या बाबतीत नकळत हेच घडलं. स्त्रियांच्या प्रार्थनासभेत शेवटी विनंत्या सांगतात. कुणाचे गुडघे, कुणाच्या मुलाची नोकरी. एके दिवशी बाई म्हणाल्या, ‘माझ्यासाठी प्रार्थना करा, मी रात्री चोरून खाते.’ सगळ्या गप्प. मग कोपऱ्यातल्या एक वयस्कर विधवा म्हणाल्या, ‘बाई, मी पण.’ त्या दिवसापासून दोघी संध्याकाळी साडेसातला एकत्र जेवू लागल्या. एक दिवस यांच्या घरी, एक दिवस त्यांच्या. जेवणाआधी प्रार्थना, ताट एकदाच वाढायचं, आणि रात्री हात शिवशिवला तर फोन करायचा.

त्यांनी डॉक्टरही गाठला, हे मी आवर्जून सांगतो. आवर न घालता येण्याजोगं खाणं वारंवार होत असेल, निदान आठवड्यातून एकदा असं तीन महिने चालू असेल, तर तो ‘बिंज इटिंग डिसऑर्डर’ हा आजार असू शकतो. अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या २०१३ सालच्या निदान-पुस्तिकेत त्याला स्वतंत्र आजार म्हणून जागा मिळाली. त्यावर समुपदेशनाचे चांगले उपचार आहेत. बाईंना डॉक्टरांनी पहिली गोष्ट सांगितली ती दिवसाचे उपास बंद करण्याची. कॅसियन हसला असता. रात्रीचं खाणं काही एका दिवसात सुटलं नाही. वर्ष गेलं. अधूनमधून पाय घसरला, पण आता दुसऱ्या दिवशी ते सांगायला माणूस होतं.

पौलाला करिंथच्या मंडळीत नेमकी अशीच अडचण आली होती. प्रभुभोजनाला जमल्यावर काही जण आपलं आपलं आधीच खाऊन घेत आणि गरीब उपाशी राहत. पौलानं त्यांना फटकारलं, पण उपाय सांगितला तो अगदी घरगुती, जेवायला जमल्यावर दुसऱ्यासाठी थांबावं.

जाता जाता एक सूचना. कॅथलिक नियमानुसार सक्तीचा उपवास अठरा ते एकोणसाठ वयाच्यांना, तोही भस्म बुधवार आणि गुड फ्रायडे या दोनच दिवशी, आणि त्या दिवशीही एक पूर्ण जेवण घेता येतं. आजाऱ्याला त्यातूनही सूट आहे. खाण्याशी असं झगडणाऱ्यानं उपवासकाळाआधी आपल्या धर्मगुरूंशी किंवा पाळकांशी जरूर बोलावं. बाईंनी मागच्या उपवासकाळात एकही जेवण सोडलं नाही. स्वयंपाकघरात अंधारात, उभ्यानं खाणं तेवढं सोडलं.