बहात्तरच्या पिकअपचे इंजिन



अमेरिकेतल्या नोकरीविषयी बोलत नाही. माझ्या १९७२ च्या शेवरोले सी-१० पिकअपविषयी बोलतो. तिचे इंजिन दमले, तेव्हा २००४ च्या सिल्व्हेराडोचे ५.३ लिटरचे इंजिन आणि ४एल६०ई गिअरबॉक्स बसवायचे ठरवले. दोन्ही एकाच गाडीतून घेतले, वायरिंग आणि संगणकासकट. कारण या गिअरबॉक्सचे गिअरही तोच संगणक बदलतो. जुन्या कार्ब्युरेटरला ५ ते ७ पीएसआय दाबाचे पेट्रोल पुरे होते, नव्या इंजिनाला सुमारे ५८ लागते. म्हणजे पंप आणि नळ्याही नव्या. सगळे वहीत मांडले. सौ. म्हणाली, "लग्नाचीसुद्धा एवढी तयारी केली नव्हती!"

तरी शाफ्टमध्ये चुकलो. नवा गिअरबॉक्स जुन्या तीन गिअरवाल्यापेक्षा लांब, तेव्हा मागच्या ॲक्सलकडे जाणारा शाफ्ट आखूड करायचा. ते माप मी गाडी उचललेली, ॲक्सल लोंबकळत असताना घेतले. चाकांवर वजन आले की अंतर बदलते, हे विसरलो. पहिल्या फेरीसाठी मुलगा शेजारी बसला होता. निघण्याआधी खाली वाकून पाहिले, तर शाफ्टचे टोक गिअरबॉक्समध्ये जेमतेम बोटभर. भर रस्त्यात निसटले असते.

आठवीत वर्कशॉपच्या सरांनी माझा जॉब परत केला होता. "व्हाइसमधून काढून मोज," म्हणाले होते. तेव्हा राग आला होता.

शाफ्ट पुन्हा करून घेतला. या वेळी गाडी चाकांवर उभी होती आणि टेपचे दुसरे टोक मुलाने धरले होते.